गोल दिव्याची गाडी आणि काळी माती

काळ्या मातीच्या मुलखात मोटरसायकल निवडायची असेल, तर किंमत विचारण्याआधी खाली वाकावे आणि पुढचे चाक व मडगार्ड यांच्यामध्ये किती बोटे जातात ते पाहावे. मृगाचे दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या पांदणीने ज्याने गाडी नेली आहे, त्याला या सूचनेचे कारण सांगावे लागणार नाही. बेसॉल्टच्या खडकापासून झालेली ही माती पाण्याने फुगते आणि चिकटते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यासरशी तिचा एकेक थर वर चढत जातो, त्यात वाळक्या पऱ्हाटीच्या काड्या आणि सोयाबीनचे कुटार मिसळते, आणि थोड्याच अंतरात मडगार्डच्या आत असा घट्ट लगदा बसतो की पुढचे चाक फिरायचेच थांबते. इंजिन चालू असते, मागचे चाक जागच्या जागी गरगरते, पण गाडी पुढे सरकत नाही. मग उतरायचे, बाभळीची एखादी काडी शोधायची आणि आतली माती कोरून काढायची. पुन्हा तेवढेच अंतर जायचे आणि पुन्हा उतरायचे. अशा वेळी इंजिन किती वर्षे टिकेल याचे आश्वासन काही कामाचे नसते. गाडीचा भरवसा ती ज्या जमिनीवर चालणार आहे त्या जमिनीवरूनच ठरवावा लागतो, आणि जुन्या धाटणीच्या गाड्यांकडे मी गेले काही महिने याच नजरेने पाहत आलो आहे.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, शेजारच्या गावच्या शाळेत शिकवतो, आणि घरची थोडी कोरडवाहू शेती आहे. त्यामुळे माझ्या गाडीला तीन तऱ्हेचे रस्ते सांभाळावे लागतात. शाळेचा रस्ता डांबरी असला तरी जागोजागी त्याची गिट्टी उघडी पडली आहे. कापसाच्या, दवाखान्याच्या किंवा लग्नकार्याच्या निमित्ताने हिंगणघाटला जायचे तर वडकीवरून राष्ट्रीय महामार्ग ४४ लागतो, जिथे लांब पल्ल्याचे ट्रक शेजारून जात असतात आणि तिथे गाडीने ऐंशीचा वेग न थरथरता धरून ठेवावा लागतो. तिसरा रस्ता म्हणजे वावराची पांदण. शंभर सीसीची गाडी ही कामे कमीअधिक प्रमाणात करते, खर्च फार कमी ठेवते, आणि गावातल्या बहुतेक घरांपुढे तीच उभी असते. ज्याला केवळ काम पाहिजे त्याने ती घ्यावी, यात मला शंका नाही.

मला मात्र गोल दिव्याची, ताठ बसू देणारी, आवाज न चढवता संथपणे ओढत नेणारी गाडी हवी होती, आणि ही आवड मी लपवून ठेवत नाही. हँडल जवळ असावे, पाठ सरळ राहावी, नजर पिकावरून पलीकडच्या धुऱ्यापर्यंत जावी, कोणाच्या तुरीला फुलोरा आला आणि कोणाची डवरणी राहिली हे चालता चालता दिसावे, अशी माझी प्रवासाची कल्पना आहे. पुढे झुकून बसवणाऱ्या गाडीवर रस्त्याखेरीज काही दिसत नाही. शिवाय आमच्या पिढीच्या मनात मोटरसायकलची जी आकृती बसली आहे ती गोल दिव्याचीच आहे. माझ्या लहानपणी या भागात दुधाच्या कॅना वाहणारी राजदूत होती. पोलंडच्या एसएचएल एम ११ या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने बनवलेली, १७५ सीसीची, टू-स्ट्रोक. माझ्या चुलत्यांकडे ती होती आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भरण्याचे काम मोठ्या माणसाचे मानले जायचे. म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी एखाद्याच सावकाराकडे किंवा कंत्राटदाराकडे असायची. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर होते आणि किक मारून झाल्यावर तोच दांडा गिअरच्या जागी आणावा लागे. बुलेट दिसायची ती पोलीस ठाण्यापुढे. चेन्नईजवळच्या तिरुवोट्टियूरला ती १९५५ पासून तयार होत आली, विलायतेतल्या मूळ कारखान्याला टाळे लागून गेले तरी इथे तिची घडण थांबली नाही, आणि १९९४ मध्ये आयशर कंपनीकडे गेल्यानंतरच्या काळात तिला आजचे वैभव आले. विलायती आराखड्याची ही गाडी आता आमच्या पोळ्याच्या मिरवणुकीत बैलांच्या बाजूने चालते आणि कोणालाही परकी वाटत नाही.

आवड असली म्हणजे खरी जुनी गाडीच का घेऊ नये, असे मला एकदोघांनी विचारले. ओतीव लोखंडाच्या इंजिनाची बुलेट आमच्या भागात अजून विकायला निघते. तिचा ठोका ऐकला की पाय थांबतात हे खरे आहे. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणणे, किक हलकी करणारा डिकंप्रेसर दाबणे आणि मग किक मारणे, यात एक कसब होते आणि ते ज्याला जमे त्याला गावात मान होता. पण उजव्या पायाने गिअर आणि डाव्या पायाने ब्रेक, ठिणगीच्या पॉइंटची सततची सफाई, सांध्यांतून पाझरणारे तेल, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायचे नोंदणीचे नूतनीकरण, आणि आता पंपावर मिळणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल, हे सारे रोज शाळेला वेळेवर पोहोचायचे असलेल्या माणसाला परवडणारे नाही. त्या काळच्या कार्बोरेटरमधले रबर आणि वायसर अशा पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पावसाळ्यात चार-चार दिवस गाडी उभी राहिली की टाकीत पाणी साठून तळाला गंज धरण्याची भीती असते. जुनी बुलेट ज्याच्याकडे वेळ आहे, अंगात मिस्त्रीपण आहे आणि घरी दुसरी गाडी आहे, त्याने जरूर सांभाळावी. तशी माणसे आहेत म्हणून त्या गाड्या जिवंत आहेत, आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे.

तेव्हा प्रश्न उरला तो जुन्या धाटणीच्या नव्या गाड्यांचा, आणि गेल्या काही वर्षांत त्यांची इतकी गर्दी झाली आहे की माणूस गोंधळून जातो. नव्या अवताराची जावा २०१८ च्या नोव्हेंबरात आली, होंडाची हायनेस सीबी ३५० त्यानंतर दोन वर्षांनी आली, रॉयल एनफील्डने नवे इंजिन आधी मीटिअरला दिले आणि मग २०२१ मध्ये क्लासिकला व २०२३ मध्ये बुलेटला, मधल्या काळात टीव्हीएसची रोनिन आली, आणि २०२३ मध्ये ट्रायम्फची स्पीड ४०० चाकणच्या बजाजच्या कारखान्यातून बाहेर पडली. यांपैकी प्रत्येकीला गोल दिवा आहे. पण गोल दिव्यामागचे इंजिन कोणत्या स्वभावाचे आहे हे ओळखायला दोन आकडे पाहावे लागतात, सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनच्या वरखाली जाण्याची लांबी, म्हणजे बोअर आणि स्ट्रोक. ज्या इंजिनाचा स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा, ते कमी फेऱ्यांवरच ताकद देते. चढावर, चिखलात किंवा मागे माणूस बसलेला असताना ते गुरगुरत पुढे नेते आणि गिअर पुन्हा पुन्हा खाली आणावा लागत नाही.

जुन्या बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर होता, त्यातून ३४६ सीसी होत. नव्या बुलेटमध्ये आणि क्लासिकमध्ये हे माप ७२ आणि ८५.८ झाले, इंजिन ३४९ सीसीचे झाले, ताकद २०.२ बीएचपी आणि ओढ, म्हणजे टॉर्क, मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर २७ न्यूटन मीटर. गंमत अशी की बुलेटचे जुने माप आज जवळजवळ जसेच्या तसे सापडते ते होंडाच्या सीबी ३५० मध्ये. तिचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९०.५ आहे, आणि तिची ३० न्यूटन मीटरची ओढ ३,००० फेऱ्यांनाच मिळते. मी ती नागपूरच्या दालनातून चालवून पाहिली. पाचव्या गिअरमध्ये, चाळीसच्या वेगावर, जराही कुरकुर न करता ती उचलत जाते, आणि इंजिनाचा कंप जवळजवळ जाणवतच नाही. केवळ यंत्र म्हणून विचारले तर या सगळ्यांत मला तीच सरस वाटली. रोनिनचे माप चौरस आहे, ६६ बाय ६६, वजन १६० किलो, आणि शहरात राहणाऱ्या किंवा अंगाने हलक्या माणसाला ती फार सोयीची पडेल. स्पीड ४०० चा स्वभाव अगदी वेगळा. ८९ चा बोअर, ६४ चा स्ट्रोक आणि ४० पीएस ताकद, तीही ८,००० फेऱ्यांवर. महामार्गावर तिचा आनंद मोठा आहे, हे मी नाकारणार नाही, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खड्डे चुकवत जाणाऱ्याला त्या ताकदीचा उपयोग क्वचितच होतो. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला, म्हणून ४०० सीसीचा विचार मी तिथेच सोडला.

उन्हाचाही विचार केला. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दुपारी टाकीला हात लावता येत नाही. पाण्याने थंड होणारे इंजिन अशा उन्हात अधिक सुरक्षित, असे वाटणे साहजिक आहे, आणि शहरातल्या सिग्नलवर ते खरेही ठरते. पण त्या गाड्यांचा रेडिएटर पुढच्या चाकाच्या अगदी मागे असतो, आणि चाकावरून उडालेली काळी माती त्याच्या पातळ पत्र्यांत जाऊन बसली की वाळल्यावर ती निघता निघत नाही. हवेवर आणि तेलावर थंड होणारे, कमी फेऱ्यांवर चालणारे इंजिन गावच्या मोकळ्या रस्त्याला पुरेसे आहे. ऑइल मात्र वेळेवर बदलले पाहिजे आणि त्यात काटकसर करू नये.

यानंतरचा विचार मला राळेगावच्या मिस्त्रींनी करायला लावला. त्यांचे दुकान म्हणजे बसस्टँडपासून थोडे आत, कडुनिंबाखाली घातलेले टिनाचे शेड. आत फळीवर क्लच प्लेटांची पाकिटे, तारेला अडकवलेल्या क्लच वायरी, ग्रीसने काळे पडलेले पाने, आणि एका कापलेल्या कॅनमध्ये रॉकेलात भिजत पडलेली कोणाची तरी चेन. मी त्यांना गाड्यांची नावे सांगत गेलो आणि ते हातातली ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे पाहत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “गुरुजी, गाडी कोनतीही घ्या, पन पार्ट कोठून आनसान ते पयले पाहा.” मग त्यांनी सुचवलेली चार नावे मी कागदावर लिहून घेतली: क्लच वायर, ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड आणि चेन-स्प्रॉकेट. ही चार माणसे आजारी पडणारच, असे ते म्हणाले. इंजिनाचे काय व्हायचे ते दहा वर्षांनी होईल.

तो कागद घेऊन मी राळेगाव, हिंगणघाट आणि यवतमाळ अशा तिन्ही ठिकाणी पार्टच्या दुकानांत विचारत फिरलो. खरेदीआधी दालनात जाणारे पुष्कळ असतात, पण पार्टच्या दुकानाची पायरी कोणी चढत नाही. माझ्या मते खेड्यातल्या माणसाने उलट्या क्रमाने जावे. बुलेट आणि क्लासिकच्या चारही वस्तू हिंगणघाटला आणि यवतमाळला लगेच समोर ठेवल्या गेल्या, आणि क्लच वायर राळेगावलाही होती. बाकीच्या गाड्यांचे काही मिळाले, काही “मागवून देतो” या शब्दावर थांबले. होंडाच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांचे सामान तालुक्याला भरपूर असते, पण सीबी ३५० ही नेहमीच्या दुकानात मिळणारी होंडा नव्हे. ती बिगविंग नावाच्या वेगळ्या दालनांतून विकली जाते. त्या दालनांच्या जवळ राहणाऱ्या माणसाला ही अडचण वाटण्याचे कारण नाही, आणि मी नागपुरात राहत असतो तर हा लेख इथेच वेगळ्या निर्णयावर संपला असता. वेचणीच्या दिवसांत माझी क्लच वायर तुटली आणि ती आठ दिवसांनी आली, तर तेवढे दिवस मजुरांना वावरात नेणे, शाळा, बाजार, सारे अडून बसेल. उत्तम घडणीच्या यंत्रालाही वायर लागतेच.

एक गोष्ट मात्र इथे नीट समजून घ्यावी. “बुलेटचा मिस्त्री” गावोगाव आहे, असे आपण सहज म्हणतो, पण तो बहुधा जुन्या बुलेटचा मिस्त्री असतो. नव्या इंजिनात पुशरॉड नाहीत, कॅमशाफ्ट वर आहे, कंप कमी करणारा बॅलन्सर आहे, पेट्रोल इंजेक्टरमधून जाते, आणि बिघाड झाला तर मीटरवरचा चेक इंजिनचा दिवा लागतो, ज्याचा अर्थ यंत्र जोडल्याशिवाय कळत नाही. आमच्या मिस्त्रींनी हे स्वतःहून सांगितले, आणि त्यांच्या त्या प्रामाणिकपणामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. ब्रेक, चेन, वायरी, बेअरिंग, ऑइल हे ते करतील. दिवा लागला तर गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावी लागेल. इंजेक्टरची व्यवस्था सहसा बिघडत नाही, आणि बाटलीतून विकल्या जाणाऱ्या कचरामिश्रित पेट्रोलने कार्बोरेटर जितक्या वेळा चोंदत असे तितक्या वेळा तर नाहीच. तरी बॅटरीकडे लक्ष ठेवावे लागते, कारण या गाड्यांना किक नाही, आणि बॅटरी पुरती बसली तर इंधनाचा पंपही चालत नाही, त्यामुळे ढकलूनही गाडी सुरू होण्याची आशा नसते.

किक गेली याचे मला दुःख आहे, आणि दुसऱ्या एका गोष्टीचे त्याहून जास्त. राजदूतला, येझदीला आणि सुरुवातीच्या शंभर सीसीच्या गाड्यांना चेन पूर्ण झाकणारे पत्र्याचे कव्हर होते. त्यात चिखल जात नसे, धूळ जात नसे, चेनला लावलेले तेल टिकत असे आणि धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा काठ अडकत नसे. शंभर सीसीच्या काही गाड्यांवर ते आजही मिळते. जुन्या काळाची आठवण म्हणून विकल्या जाणाऱ्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्यांतल्या एकीलाही ते नव्हते. टाकीवरची सोनेरी रेघ हाताने ओढलेली असते, दिव्यावर लहानशी टोपी असते, आरसे गोल असतात, पण चेन उघडी असते, वर नावापुरता अर्धा पत्रा. जुन्या गाड्यांची घडण गरजेतून आली होती. रस्ते कच्चे होते म्हणून मडगार्ड खोल आणि उंच होते, चाके मोठी होती, चेन झाकलेली होती. नव्या कारखानदारांनी त्यातले डोळ्यांना दिसणारे तेवढे उचलले. आमच्या पांदणी अजून त्याच काळात आहेत, आणि ज्या ग्राहकाला जुन्या घडणीचा खरा उपयोग आहे त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, असे मला मनापासून वाटते. या गाड्यांना पूर्ण चेन कव्हर जोडणीच्या सामानात जरी मिळाले, तरी खेड्यातले लोक ते आनंदाने विकत घेतील.

म्हणून जुन्यातले काय खरोखर शिल्लक आहे, हे मी प्रत्येक गाडीपाशी शोधत गेलो. बुलेट आणि क्लासिकचे पुढचे चाक १९ इंची आणि मागचे १८ इंची आहे, होंडाचेही तसेच. रोनिन, स्पीड ४०० आणि एनफील्डचीच हंटर १७ इंची चाकांवर उभ्या आहेत. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते आणि उन्हाळ्यात जमिनीला पडलेल्या भेगांत अडकत नाही, हे सायकल चालवणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. पुढच्या मडगार्डच्या आत मी दालनात हात घालून पाहिला. बुलेटच्या पत्र्याच्या मडगार्डखाली बोटे आडवी सरकली. विक्रेत्या मुलाला माझ्या या तपासणीचे नवल वाटले, पण तो स्वतः वणीकडचा निघाला आणि कारण सांगताच त्यानेच दुसऱ्या गाडीपाशी नेऊन फरक दाखवला.

चाकांचा खरा पेच मात्र ट्यूबचा आहे, आणि त्यावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. आमच्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना बाभळी, बोरी आणि हिवर आहेत, आणि वावरांची कुंपणे काट्यांची आहेत. बाभळीचा काटा ट्यूबलेस टायरमध्ये घुसला तर हवा हळूहळू जाते, घरापर्यंत येता येते, आणि चाक न काढता रबराची चिकट पट्टी खुपसून भोक बुजवता येते. ट्यूबच्या टायरची हवा पाहता पाहता जाते, आणि जड गाडीचे मागचे चाक उघडणे हे भर दुपारी वावराच्या कडेला एकट्याने करायचे काम नाही. होंडाला, रोनिनला, आणि हंटर व क्लासिकच्या काही प्रकारांना ॲलॉय चाके व ट्यूबलेस टायर आहेत. बुलेटला तारांची चाके आणि आत ट्यूब. इतका सरळ हिशेब असताना कोणीही ट्यूबलेस घ्यावे. पण ॲलॉयच्या कडेला खोल खड्ड्याचा मार बसला तर ती वाकते किंवा चिरते, आणि चिरलेले चाक बदलण्याखेरीज इलाज नसतो. तारांचे चाक वाकले तर तारा ताणून सरळ करणारा माणूस तालुक्याला अजून आहे. ट्यूबचे पंक्चर तर सायकलवालाही काढतो. काट्याचा त्रास वारंवार होणारा पण लहान, आणि चाक चिरण्याचा त्रास क्वचित होणारा पण मोठा. मी लहान त्रास पत्करला, आणि वाचणाऱ्याने इथे माझ्याशी असहमत होण्यास पूर्ण जागा आहे.

तरीही एवढ्या एका कारणाने क्लासिकचा ट्यूबलेस प्रकार मी सोडला नसता. तो सोडला माझ्या आईमुळे. आई लुगडे नेसते आणि गाडीवर एका बाजूने बसते. दवाखान्यात, नातेवाइकांकडे, कळंबच्या चिंतामणीला जायचे असले की माझ्याच मागे बसते. क्लासिकची सीट दोन तुकड्यांची आहे. चालवणाऱ्याची वेगळी आणि मागच्याची वेगळी. बुलेटची सीट एकसंध, लांब आणि सपाटीकडे झुकणारी. आईला यवतमाळच्या दालनात नेऊन दोन्हींवर बसवले. क्लासिकवर ती बसली, थोडी सरकली, मागे हात टेकवायला जागा शोधू लागली. बुलेटवर बसली आणि पदर सावरून तिने पाय ठेवायची पट्टी पायानेच चाचपली. “मले एका बाजूनं बसता आलं पाह्यजे बापा, बाकीचं तुयं तू पाहा,” असे ती घरून निघतानाच म्हणाली होती. बसून झाल्यावर तिने आणखी एक गोष्ट विचारली, मागचे चाक उघडे का आहे? मोटर वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायची कडी, पाय ठेवायची सोय आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण सांगितलेले आहे. दालनात मांडून ठेवलेल्या त्या गाडीला साडी गार्ड बसवायचा राहिला होता. एकसंध सीटचा दुसरा उपयोगही आहे. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी तिच्यावर आडवी बसते आणि दोरीने पक्की बांधता येते. दोन तुकड्यांच्या सीटवर ती एका अंगाला कलते.

वजनाचे दुखणे राहतेच. बुलेट १९५ किलोची आहे, शंभर सीसीच्या गाडीपेक्षा कितीतरी जड, आणि चिखलात आडवी झाली तर एकट्याने उचलणे अवघड आहे. पेट्रोलही जास्त लागते. चालवणारे लोक लिटरला पस्तीसच्या आसपास सांगतात, आणि टाकी १३ लिटरची आहे. या दोन्ही गोष्टी मी पदरमोड म्हणून स्वीकारल्या आहेत. पावसाळ्यात जमीन ओली असेपर्यंत गाडी रस्त्याच्या कडेला धुऱ्यावर लावायची आणि वावरात पायी जायचे, असे ठरवले आहे. तसेही भिजल्या पांदणीत बैलबंडीखेरीज कोणाची गाडी धड चालत नाही.

बुलेट नोंदवली. दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था, आणि मागेही डिस्क असलेला प्रकार घेतला, कारण मागे आई बसलेली असताना महामार्गावर पाऊस आला तर ड्रमच्या दुरुस्तीची सोय मला त्यापुढे गौण वाटते. ताबा दसऱ्याला मिळणार आहे. डबल स्टँड आणि साडी गार्ड बसवून तयार असेल तेव्हाच पैसे पूर्ण देईन, असे दालनात सांगून ठेवले आहे, आणि तेवढ्या सामानाचे नाव पावतीवरही लिहून घेतले आहे. राळेगावच्या मिस्त्रींकडे एक जादा ट्यूब, क्लच वायर आणि ॲक्सिलरेटरची वायर सांगितली आहे. त्यांच्या सांगण्यावरून नव्या दोन्ही वायरी जुन्यांच्या बाजूने आधीच ओढून, टोके बांधून ठेवायच्या, म्हणजे तुटली तर रस्त्यात टाकी उतरवायची पाळी येणार नाही. पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला आहे. तोपर्यंत ती शाळेच्या रस्त्यावरच चालवायची, ऑइल बदलून घ्यायचे, आणि मग आईला घेऊन कळंबला जायचे.